रेडिओ वाजतो, पण परिणाम कशाचा?

'बारामती परिसरातील सामुदायिक रेडिओचा शेतकऱ्यांवरील परिणाम' असा विषय तुमच्या डोक्यात असेल, तर विषय चांगलाच आहे. विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी (९०.४) आणि शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी (९०.८) अशी दोन केंद्रं एकाच तालुक्यात आहेत. घोळ होतो तो पुढं. कार्यक्रमांची यादी करायची, शंभर श्रोत्यांना 'उपयोग झाला का?' विचारायचं आणि 'हो' मोजायचे. याला परिणाम म्हणत नाहीत हो!

गंमत म्हणजे याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात पडून आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत प्रयोग केला. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. गावातल्या गटानं एकत्र बसून ऐकायचं, मग चर्चा करायची. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. त्यांनी तुलनेला दोन प्रकारची गावं घेतली: रेडिओ आहे पण श्रोतागट नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. प्रयोगाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा लोकांना प्रश्न विचारले. श्रोतागटांच्या गावांत माहिती ठळक वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारशी नाही. म्हणजे काम केलं ते चर्चेनं! नुसता रेडिओ असलेली गावं घेतली नसती, तर सगळं श्रेय रेडिओलाच गेलं असतं.

या अभ्यासातही उणं आहे. माहिती वाढल्याचं लगेच मोजलं. ती वर्षभरानं टिकली का, हे त्यातून कळत नाही. पण रचना आजही शिकण्यासारखी आहे.

तुलनेची गावं शोधायला तुम्हाला लांब जायला नको. २००६ च्या धोरणात सामुदायिक केंद्राला १०० वॅटची मर्यादा आणि ५ ते १० किलोमीटरची अपेक्षित कक्षा आहे. इंदापूर शहर बारामतीपासून चाळीसहून जास्त किलोमीटरवर. तेव्हा 'बारामती-इंदापूर तालुक्यांतील श्रोते' असं शीर्षक देण्याआधी साधा रेडिओ घेऊन गावोगाव फिरा, कुठं ऐकू येतं ते नकाशावर मांडा. कक्षेबाहेरची, पण पीक आणि पाणी सारखं असलेली गावं ही तुमची तुलनेची गावं. मोबाइलवर इंटरनेटवरून ऐकणारे वेगळे मोजा, नाहीतर सगळं विस्कटेल.

आणि काय प्रसारित होत नाही, तेही नोंदवा. त्याच धोरणात निम्मा तरी मजकूर स्थानिक सहभागातून हवा, पण राजकीय स्वरूपाच्या बातम्या नकोत. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, हे सांगता येईल. शेवटच्या टोकाला, इंदापूरकडं, पाणी का पोचत नाही यावर शेतकऱ्याला माइकसमोर किती बोलू दिलं जातं? कार्यक्रमपत्रिकेत ते दिसणार नाही. त्यासाठी महिनाभर कार्यक्रम ऐकून, कोण किती मिनिटं बोललं ते घड्याळ लावून लिहावं लागेल.