अळणी भाजी आणि मोळी

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतलेल्या ‘श्यामची आई’वर दोन आक्षेप हटकून घेतले जातात. पुस्तक रडके आहे, हा पहिला; ते उपदेशपर आहे, हा दुसरा. पहिला आक्षेप खोटा नाही. ४२ रात्रींच्या या कथनात अश्रूंना खळ नाही, हे गुरुजींच्या भक्तांनीही मान्य करावे. दुसरा आक्षेप मात्र तपासून पाहिला पाहिजे.

‘अळणी भाजी’ ही रात्र घ्या. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील ती निमूटपणे खातात. ते बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. शेवटी आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला चूक कळते आणि आपण सर्वांना अळणी वाढले याची तिला चुटपुट लागते. येथे उपदेश कोणी कोणाला केला? रांधणाराचे मन दुखवू नये, हे वडील न बोलता शिकवितात. हातचे काम चोख असावे, हे आईची हळहळ शिकविते. रीत ही सांगून येत नाही, ती पंगतीत बसूनच अंगी लागते, याचे इतके साधे चित्र आपल्या वाङ्मयात क्वचितच सापडेल.

पण सारी शिकवण अशी निर्दोष नाही. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री आई श्यामला एका अस्पृश्य मानलेल्या वृद्धेची मोळी उचलून द्यावयास पाठविते. त्या काळच्या कोकणातील ब्राह्मण घरात हे धाडसच होते. तरीही परत आल्यावर स्नान कर, असे ती सांगतेच. करुणा मोळीपर्यंत पोहोचते, विटाळ मात्र तसाच राहतो. आजच्या वाचकाला हे स्नान खटकते आणि खटकलेच पाहिजे. गुरुजींची थोरवी अशी की त्यांनी ते लपविले नाही. आईला देवता करू पाहणारा लेखक एवढा तपशील सहज गाळू शकला असता.

या पुस्तकाचे खरे मोल येथेच ठरते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली ज्याने प्राण पणाला लावून उपोषण केले, तो याच आईचा मुलगा होता. तिने त्याला मोळीपर्यंत नेले. पुढची वाट त्याने स्वतः चालून काढली. आईची शिकवण पाळणे म्हणजे ती जेथे थांबली तेथेच थांबणे, असे त्याने मानले नाही.

म्हणून हे पुस्तक मुलांच्या हाती देताना त्यातील स्नान गाळू नये. ‘आईने असे का सांगितले?’ असे मुलाने विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. तो प्रश्न विचारता येणे, हाही त्या आईचाच संस्कार आहे.