सहलीचा ताळेबंद

मराठी माणूस प्रवासाला जातो तो मुख्यतः परत येण्यासाठी. परत आल्याशिवाय सांगता येत नाही. त्यातून नवराबायको जोडीनं कुठं चार दिवस राहून, पोटभर खाऊन आलेले असले, तर विचारूच नका! आमच्या शाखेतला एखादा सहकारी एल.एफ.सी. घेऊन आठ दिवस केरळला जातो आणि पुढं आठ महिने काउंटरवर बसून आप्पम खात असतो. त्या आप्पमच्या शेजारी त्याची बायको असते, पण तिच्या पानात काय पडलं होतं ते कधी कळत नाही.

ही तक्रार नुसती आमच्या शाखेपुरती नाही. एकूण मराठी प्रवासवर्णनाबद्दलच ती मला करायची आहे. आता मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. साहित्याशी माझा संबंध कॅश जुळल्यानंतरचा. रस, ध्वनी, वक्रोक्ती ही समीक्षकांची हत्यारं मला पेलायची नाहीत. माझ्यापाशी एकच फूटपट्टी आहे, ती म्हणजे दुहेरी नोंद पद्धत. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका संन्याशानं ती पुस्तकात छापून जगापुढं मांडली. एकाच्या नावे जे पडेल, तेवढंच दुसऱ्याच्या जमेला पडलं पाहिजे. संसार न केलेल्या माणसानं संसाराचं मर्म इतकं अचूक पकडावं, याचं मला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासून नवल वाटत आलेलं आहे.

ही पट्टी लावली की आपलं प्रवासवर्णन बहुतेक एकेरी नोंदीवर चाललेलं दिसतं. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. भटजी निघाले होते १८५७ साली, दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला, आणि नेमके बंडात सापडले. पुस्तक असं की हातातून खाली ठेववत नाही. पण तिकडं वरसईला घरची माणसं कशी दिवस काढत होती, त्याची वही कुणी लिहिलीच नाही.

उलट बाजू बघा. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालचं. त्यात आंब्याची एक आठवण आहे. बाईंनी हौसेनं आंबा चिरून दिला, न्यायमूर्तींनी एकदोन फोडी खाल्ल्या, छान आहे म्हणाले आणि हात आखडता घेतला. का, तर जिभेला ताब्यात ठेवायचं म्हणून. न्यायमूर्तींनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहिला, अर्थशास्त्रावर लिहिलं. त्यांच्या एवढ्या लिखाणात ही फोड मला सापडली नाही. खाणाऱ्यानं न नोंदलेला आंबा चिरणाऱ्या हातानं वर्षानुवर्षं जपून ठेवला होता.

मग येते १९६० साल आणि ‘अपूर्वाई’. पु. लं.च्या या पुस्तकानं मराठी मध्यमवर्गाला बसल्या जागी विलायत दाखवली. मी ते किती वेळा वाचलं त्याचा हिशेब नाही, आणि हिशेब नसणं हे माझ्या धंद्यात मोठंच प्रशस्तिपत्र समजावं. पण या प्रवासात माणसं दोन आणि पेन एक. लिहिणारा थोर असला की एका पेनावर भागतं. पंचाईत झाली ती मागून आलेल्यांची. त्यांना पु. लं.ची नजर घेता आली नाही, म्हणून त्यांनी बायको तेवढी घेतली. खरेदी करणारी, ‘अहो, चला ना’ म्हणणारी आणि परदेशातल्या हॉटेलात थालीपिठाची आठवण काढणारी. दिवाळी अंकांतून ही बाई जगभर फिरली. तिला एकदाही कुणी विचारलं नाही, की बाई, तुला काय दिसलं?

सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं. ते प्रवासवर्णन नव्हे, पण दुसऱ्या बाजूची नोंद म्हणून मी ते फार मोलाचं मानतो. तेव्हा केवढा गहजब झाला! माझं म्हणणं एवढंच, की पहिली नोंद १९६० ची आणि दुसरी १९९० ची. आमच्याकडं दोन्ही नोंदी संध्याकाळच्या आत पडाव्या लागतात. गहजब त्या बाईंनी केला नाही, तीस वर्षांच्या थकबाकीनं केला.

आता घरचं उदाहरण. मी नांदेडचा, सौ.चं माहेर लातूर जिल्ह्यात, औशाकडं. लग्नानंतर लोक महाबळेश्वरला जातात. आम्ही गेलो सासऱ्यांच्या शेतात, वेळ अमावस्येला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूरकर गावात सापडत नाही. अख्खं गाव शिवारात. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, आणि मग ती भज्जी! ताजे तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे, पालेभाज्या, ताक आणि डाळीचं पीठ. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. सासूबाई एकसारख्या, ‘घ्या की जावईबापू, शेतात लाजू नाही.’

माझी नोंद अशी आहे: निळं आभाळ, कमरेच्या वर आलेली ज्वारी, शेजारी नवी बायको. आंबिलाची चौथी वाटी तिनं न विचारता ओतली. त्या चौथ्या वाटीला मी इतकी वर्षं प्रेम म्हणत आलो.

या लेखासाठी म्हणून सौ.ची नोंद घेतली. ती अशी: आदल्या रात्री अकरापर्यंत दाणे सोलले, पहाटे तीनला आईनं उठवलं. चौथी वाटी ओतली, कारण उरलेलं आंबील डोक्यावर घेऊन परत कोण जाणार? आणि मग जरा थांबून म्हणाली, ‘तुम्ही जेवून कोपीत झोपलात ना, तेव्हा मी एकटीच हरभऱ्यात जाऊन आले. लग्नाआधी जायची तशी. कुणी हाक मारली नाही. तेवढा अर्धा तास फार छान गेला.’

हा अर्धा तास माझ्या वहीत नव्हता. असणार कसा? मी घोरत होतो. पण खरं सांगू, त्या सबंध सहलीत सहल म्हणावी अशी तेवढीच होती, आणि ती माझ्याशिवाय झाली होती. चौथ्या वाटीला मात्र त्यानं काही कमीपणा आला, असं मला वाटत नाही. वाटी तीच, आंबील तेच. नावे-जमेची बाजू तेवढी वेगळी.

तेव्हा प्रकाशकांना माझी सूचना आहे. जोडप्याचं प्रवासवर्णन छापताना डाव्या पानावर एकाचं, उजव्या पानावर दुसऱ्याचं छापा. बेरजा जुळल्या नाहीत तरी चालेल, फरक सस्पेन्स खात्यात टाकू. पण काम लांबणीवर टाकू नका. संयुक्त खात्यावर आम्ही ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ अशी सूचना घेतो. रमाबाईंचं पुस्तक निघालं तेव्हा न्यायमूर्तींना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आंबा कसा होता, हे दोघंही सांगू शकत असतील तेव्हाच दोन्ही वह्या समोरासमोर ठेवलेल्या बऱ्या.

सौ.नं हा लेख वाचला. म्हणाली, ‘उंडे ज्वारीचेपण होते. लिहा.’

लिहिलं.