पाहुणा, रोगी आणि गिऱ्हाईक

दिवाळीच्या अंकात उपाशी राहण्याचा विषय काढणं म्हणजे हातात चकली धरलेल्या माणसाला पोटाचे विकार समजावून सांगण्यासारखं आहे, हे मी जाणते. पण विषय मी शोधला नाही. तो भेट म्हणून माझ्या घरी आला.

आमच्या वन्संना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांचा मुलगा बंगळूरला मोठ्या पगारावर आहे. त्यानं आईसाठी पाच दिवसांच्या शरीरशुद्धीची, म्हणजे ज्याला हल्ली सगळे डिटॉक्स म्हणतात त्याची, व्यवस्था केली आणि सोबतीला म्हणून माझंही नाव घातलं. दोघींचे मिळून जे पैसे त्यानं भरले, ते माझ्या शाळेच्या चार महिन्यांच्या पगाराहून थोडे अधिकच होते. मे महिन्याची सुटी होती. सह्याद्रीच्या कुशीत, पाण्याच्या काठी ते ठिकाण होतं. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण त्या एका ठिकाणाशी माझं भांडण नाही.

मी दहावीपुढं शिकलेली नाही. बालवाडीच्या मुलांना शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते. त्यामुळे एकेक पुस्तक पुष्कळ दिवस पुरतं आणि आत मुरतं. तिथून परतल्यावर असा अनुभव आणखी कुणी लिहिला आहे का, हे मी धुंडाळू लागले. जे हाती लागलं ते आणि जे अंगावर आलं ते, दोन्ही ताडून पाहावं, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी अंगावर आलेलं सांगते. दारात आमच्या गळ्यात तुळशीच्या माळा घातल्या, सुगंधी ओला पंचा हातात दिला आणि एक मुलगी नमस्कार करून म्हणाली, "आपण आमचे पाहुणे." वन्संना गहिवरून आलं. दहा मिनिटांनी तोच पाहुणा वजनकाट्यावर उभा होता. पांढरे कपडे मिळाले, फोन एका कापडी पिशवीत गेला, पहाटे साडेपाचला घंटा होईल असं सांगण्यात आलं. जेवण नव्हतंच, दिवसातून पाच वेळा रस, काढा आणि गाळलेलं सूप. काही विचारलं की उत्तर एकच: "प्रक्रियेवर विश्वास ठेवा." आणि रात्री खोलीत पाहावं, तर तेलाच्या बाटल्यांची, झग्यांची आणि जादा मालिशांची किंमत छापलेली पुस्तिका उशाशी.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं असं काही ठणकू लागलं की विचारू नका. "फार चांगलं लक्षण! विष बाहेर पडतंय," त्या मुलीनं हसून सांगितलं. आता, मी गेली पंचवीस वर्षं दिवसाला चार कप चहा पिते. चहा एकाएकी तोडला की एक-दोन दिवसांत डोकं दुखतं, हे कुठल्याही चहाबाज बाईला ठाऊक आहे आणि डॉक्टरही तेच सांगतात. बाहेर पडत होतं ते विष नव्हतं. आत येत नव्हता तो चहा होता! तिसऱ्या दिवशी आमची वजनं दीड-दोन किलोंनी उतरली, तेव्हा टाळ्या झाल्या. उपासाच्या पहिल्या दिवसांत शरीर आपली साठवलेली साखर वापरतं आणि त्या साखरेनं धरून ठेवलेलं पाणी निघून जातं. घरी येऊन वरणभात जेवलं की ते पाणी परत येतं. आमचंही आठवड्यात आलं.

या विषाचं नाव काय, हे मी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही. २००९ साली ब्रिटनमधल्या काही तरुण शास्त्रज्ञांनी 'डिटॉक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या पंधरा वस्तूंच्या विक्रेत्यांना, या शब्दाचा अर्थ काय असं विचारलं होतं. त्यातल्या कुठल्याही दोघांचे अर्थ जुळले नाहीत. यकृत आणि मूत्रपिंडं हे काम रोज बिनपगारी करतात, त्यांची मात्र कुणी आरती करत नाही.

कुणी म्हणेल, ही तर आपली जुनी पंचकर्म विद्या. तिच्याविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच बोलते. वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण ही पाच कर्मं. त्यांच्याआधी स्नेहन आणि स्वेदन. नंतर पेया, विलेपी अशा पायऱ्यांनी हळूहळू अन्नावर आणायचं. विरेचनाला शरद ऋतू बरा, वमनाला वसंत. आणि या सगळ्याआधी वैद्यानं पाहायचं, की समोरचा माणूस हे सोसण्याजोगा आहे का? पाच दिवसांच्या सुटीत बसवताना यातलं तेल राहिलं, वाफ राहिली, आणि तो पहिला प्रश्न तेवढा गळाला.

तो प्रश्न गळाला म्हणजे काय झालं, ते चौथ्या दिवशी पहाटे कळलं. वन्संना मधुमेह आहे. ग्लिमेपिराईडची गोळी त्या नेमानं घेतात, आणि आल्या दिवशी भरलेल्या कागदावर त्यांनी ते स्वच्छ अक्षरात लिहिलंही होतं. कागदाच्या खाली 'वाचले' असा शिक्काही होता. पोटात अन्न नाही आणि गोळी मात्र चालू! पहाटे मला जाग आली ती त्यांच्या कण्हण्यानं. अंग घामानं थबथबलेलं, हात कापत होते, बोलणं अडखळत होतं. घंटा दाबली. जो मुलगा आला तो शांतपणे म्हणाला, "शुद्धी चालू आहे, मॅडम. पडून राहू द्या."

मी चोर आहे. माझ्या पिशवीत, पातळाच्या घडीत, गुळाचे चार खडे लपवलेले होते. ते पाण्यात कालवून मी त्यांना घोट घोट पाजले. पाव तासानं त्यांनी डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "वहिनी, हे त्यांना सांगू नकोस हं. गूळ आणायला बंदी होती ना!"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. साठ वर्षांची, चार मुलांचे संसार उभे केलेली बाई, जिवावरचं संकट टळल्यावर तिला भीती कसली वाटावी, तर यजमान रागावतील याची!

आता पुस्तकांकडे वळते. लियान मोरियार्टी या ऑस्ट्रेलियन लेखिकेची 'नाइन परफेक्ट स्ट्रेंजर्स' ही कादंबरी २०१८ साली आली. दहा दिवसांच्या आरोग्यवासाला नऊ माणसं येतात. त्यांतली फ्रान्सिस ही उतरणीला लागलेली कादंबरीकार आहे, तेव्हा मी तिच्याशी लगेच मैत्री केली. तिच्या सामानातली चॉकलेटं आणि दारू काढून घेतली जाते, त्या प्रसंगाला मी गुळाचे खडे आठवून मनापासून हसले. पहिला शंभर पानांचा भाग फार सरस आहे: ती सक्तीची शांतता, ते रक्त तपासणं, पैसे मोजल्यामुळे तक्रार करायची लाज वाटणारी माणसं. पुढं मात्र कळतं की तिथली चालिका पाहुण्यांना न विचारता त्यांच्या पेयांत मादक द्रव्यं मिसळते आहे. मग दारं बंद होतात आणि कादंबरी रहस्यकथा होते. इथं माझी निराशा झाली. खलनायिका सापडली की वाचक सुटतो. आमच्या इथं कुणी खलनायिका नव्हती, दारंही उघडी होती. होता तो एक शिक्का, न वाचता मारलेला. खरं भय त्या शिक्क्यात आहे, आणि कुलपाच्या गडबडीत ते लेखिकेच्या हातून निसटलं.

टोमास मानला ते निसटलं नाही. १९१२ साली तो दावोसच्या डोंगरातल्या आरोग्यधामात आपल्या पत्नीला भेटायला तीन आठवड्यांसाठी गेला. तिथल्या डॉक्टरानं त्याचीही छाती तपासून, तुम्हीही राहा, असं सुचवलं. मान खाली उतरून घरी आला आणि १९२४ साली त्यानं 'द मॅजिक माउंटन' ही प्रचंड कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक तसाच तीन आठवड्यांसाठी पाहुणा म्हणून येतो. प्रमुख परिचारिका त्याला थर्मामीटर विकते. तो ताप मोजू लागतो आणि सात वर्षं राहतो! तिथं उपास नाही, दिवसाला पाच वेळा भरपेट जेवण आहे; पण युक्ती तीच. पाहुण्याच्या हाती मोजण्याचं एक साधन द्या, तो आपणहून रोगी होतो. आम्हीही चौथ्या दिवसापर्यंत एकमेकींना वजन विचारूनच सुप्रभात म्हणत होतो. त्या कादंबरीत नायकाला घरी न्यायला त्याचा एक मामा येतो. थोड्याच दिवसांत आपलाही पाय इथं रुततो आहे हे ओळखून तो निरोपही न घेता पळ काढतो. मला विचाराल तर सगळ्या पुस्तकात शहाणा माणूस तोच.

तिसरं पुस्तक नाटक आहे. इब्सेनचं 'अॅन एनिमी ऑफ द पीपल', १८८२ सालचं. गावाची भरभराट ज्या आरोग्यस्नानांवर चालली आहे, त्यांचं पाणीच कातडी कमावण्याच्या कारखान्यांमुळे दूषित आहे, हे डॉक्टर स्टॉकमनला कळतं. गेल्या हंगामात काही पाहुणे आजारी पडलेले असतात. दुरुस्तीला खर्च फार, दोन वर्षं स्नानं बंद ठेवावी लागतील. म्हणून त्याचा सख्खा भाऊ, जो नगराध्यक्ष आहे, त्याच्यावर उलटतो आणि सारं गावही. सत्यजित राय यांनी १९८९ सालच्या 'गणशत्रू'त स्नानांच्या जागी देवळाचं तीर्थ आणलं, आणि गोष्ट आपल्या अंगणात आली. या नाटकात एक गोष्ट मला आता दिसली, ती आधी कधी दिसली नव्हती. ज्यांच्या पोटात ते पाणी जाणार, तो पाहुणा रंगभूमीवर एकदाही येत नाही. भांडतात ते पाणी विकणारे आणि पाणी तपासणारा. पिणाऱ्याला वाक्यच नाही.

त्याला वाक्य का नाही? माझं उत्तर असं. या ठिकाणांनी तीन नाती एकत्र कालवली आहेत. पाहुण्याला मान मिळतो, पण तो यजमानाला नावं ठेवीत नाही. रोगी सांगेल ते मुकाट्यानं करतो, पण त्या बदल्यात वैद्य त्याच्या जिवाची जबाबदारी घेतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं, पण माल वाईट निघाला तर ते दुकानदाराच्या तोंडावर फेकतं. तिन्ही नाती आपापल्या जागी चोख आहेत. इथं मात्र पाहुण्याचा मुकेपणा घेतला, रोग्याचा आज्ञाधारकपणा घेतला आणि गिऱ्हाइकाचे पैसे घेतले. जबाबदारी तेवढी कुणाच्याच खात्यावर मांडली नाही. गादी टणक होती, सूप गार होतं, या तक्रारी मी सोडून देते. त्या सगळीकडे असतात.

निसर्गोपचारच खोटा, असं मात्र मी म्हणणार नाही. पुण्याजवळच्या उरुळी कांचनला १९४६ सालच्या मार्चमध्ये गांधीजी आले. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या उपचारगृहाच्या आधारानं काम करायचा विचार आधी होता; पण गरीब माणूस शहरातल्या अशा ठिकाणी येणार नाही, हे ध्यानात येताच त्यांनी खेडं गाठलं. माती, पाणी, ऊन, उपास आणि रामनाम, एवढीच त्यांची औषधं. सगळंच शास्त्राच्या कसोटीला उतरेल असं नाही. पण त्यामागचा हेतू पाहा: रोग्यानं घरी जाऊन स्वतःच स्वतःला सांभाळावं, पुन्हा दारात येण्याची वेळच येऊ नये. आरोग्याच्या कुठल्याही ठिकाणाची पारख मी आता याच एका गोष्टीवरून करते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी वन्संच्या हातात पाकीट दिलं. आत पुढच्या खेपेसाठी सवलतीचं कूपन होतं.

तिथलं एक माणूस मात्र विसरण्यासारखं नाही. मालिश करणारी बाई जवळच्याच वाडीतली होती. तिच्या हातांत खरी विद्या होती. माझा आखडलेला खांदा तिनं दोन दिवसांत सोडवला. दुपारी मागच्या पडवीत ती डबा उघडायची आणि भाकरी-ठेच्याचा वास वाऱ्याबरोबर आमच्या उपाशी नाकांत यायचा. एकदा माझ्याकडे बघून ती म्हणाली, "द्यावंसं वाटतंया बाई, पण नोकरी जाईल." पाच दिवसांत पाहुणचाराचं तेवढं एकच वाक्य माझ्या कानांवर पडलं.

घरी आल्यावर भाच्याचा फोन आला. "आई, कसं होतं?" वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फार छान रे. अगदी हलकं वाटतंय." मुलानं प्रेमानं दिलेलं, त्याला वाईट कसं म्हणायचं? अशा ठिकाणांविषयी एवढं कौतुक का ऐकू येतं, हे मला त्या क्षणी उमगलं. पहाटेचा प्रसंग त्यांनी त्याला अजून सांगितलेला नाही आणि मलाही शपथ घातली आहे.

परवा त्याचं पत्र आलं. आईला एवढं मानवलं म्हणून त्यानं ते कूपन वापरून पुढल्या वर्षीचे सात दिवस ठरवले आहेत. नरकचतुर्दशीला तो इथं येणार आहे. वन्सं त्याच्या पाठीला तेल लावतील, उटणं लावतील, पहिल्या आंघोळीनंतर फराळाचं ताट पुढं ठेवतील आणि पुन्हा म्हणतील, फार छान होतं रे. बोलायचं नाही, ही शपथ मी पाळणार आहे. लिहायचं नाही, असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं. भाच्याला दिवाळी अंक वाचायची लहानपणापासून सवय आहे. हा अंक मी त्याच्या ताटाशेजारी ठेवीन.