तळ्यातला वेसकर

मांजरी बुद्रुकमधल्या आमच्या खोलीत सहाजण राहतो. रात्रपाळी सुटली तरी लगेच झोप येत नाही, कानात साचे वाजत असतात. मग कोणीतरी मोबाईल पाण्याच्या कळशीला टेकवून उभा करतो आणि मार्व्हलचा हिंदीतला सिनेमा लागतो. असाच २०२१ सालचा 'शांग-ची अँड द लेजंड ऑफ द टेन रिंग्ज' बघितला. शेवटी तळ्यातनं ड्रॅगन वर आला तेव्हा पोरं ओरडली, "आला रे आपला नाग!" मीबी ओरडलो. हे टिपण त्या ओरडण्याबद्दल आहे.

ओरडणं खोटं नव्हतं, दोस्तहो. १५ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेसाठी नागपूरच का, हे सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांचं नाव घेतलं. बौद्ध धम्म पसरवणारे ते नाग. त्याआधी १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी मत्स्य, कच्छ, वराह हे अवतार उलटे करून वाचले. देवाची लीला म्हणजे चढाई आणि मेलेला राक्षस म्हणजे माणूस. हे एकदा डोक्यात बसलं की खांडववन जळताना आपल्याला अर्जुनाचा बाण दिसत नाही, त्या बाणानं मरणारी तक्षकाची बायको दिसते. जनमेजयाच्या यज्ञात पडतात ते साप नसतात. मग अमेरिकेतल्या कागदावरचा ड्रॅगन तरी आपण नुसता जनावर म्हणून का बघायचा?

मार्व्हलवाल्यांनी विश्वं ढीगभर काढली. एका विश्वात मेलेला हिरो दुसऱ्यात जिवंत. ड्रॅगनचं नशीब मात्र कुठल्या विश्वात पालटतं ते बघू. १९६१ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी फिन फँग फूम काढला. तैवानचा एक पोरगा त्याला झोपेतनं उठवतो, चिनी कम्युनिस्टांच्या फौजेवर सोडतो आणि काम झालं की परत झोपवतो. बदली कामगारच की! १९७४ साली आयर्न फिस्ट आला. डॅनी रँड नावाचा गोरा पोरगा कुन-लुन नगरात शिकतो, शाऊ-लाओ ड्रॅगनला मारतो, त्याच्या धगधगत्या काळजात मुठी बुडवतो आणि बलवान होतो. मारलेल्याची खूण छातीवर मिरवतो. १९८३ साली 'एक्स-मेन'मध्ये लॉकहीड आला. तो छोटा, जांभळा, एका पोरीच्या खांद्यावर बसणारा. हत्यार, शिकार, नाहीतर पाळीव. हे सगळं बघून झालं की शांग-चीचा ड्रॅगन चांगलाच वाटतो. तो गावाचं रक्षण करतो, त्याला कोणी मारायला जात नाही.

आणि इथंच माझं ओरडणं घशात अडकलं.

नीट बघा. ता-लो नावाचं गाव आहे. ड्रॅगन राहतो तळ्यात. हजारो वर्षांपूर्वी त्यानं गावकऱ्यांबरोबर राहून राक्षसाला दरवाजामागं कोंडलं. त्याच्या खवल्यांची चिलखतं आणि हत्यारं गाव वापरतं. संकट आलं की तो उठतो, हिरो त्याच्यावर बसतो, तो लढतो. सबंध सिनेमात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. गावात त्याला घर नाही.

हे आपल्या ओळखीचं नाही का? वेशीवर पहारा देणारा, गावासाठी धावणारा, रात्री गावाबाहेर झोपणारा. आमचा पणजा वेसकर होता. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी हेच मांडलं आहे, की टोळीतनं फुटलेले, पांगलेले लोक गावाच्या कडेला ठेवले गेले आणि त्यांच्याकडनं राखण करून घेतली गेली. मार्व्हलच्या लेखकांनी हे पुस्तक वाचलं असेल असं मी म्हणत नाही. पण राखणदाराला बाहेर ठेवायची खोड फक्त आपल्याच मुलखाची नसावी.

खोलीतला एकजण म्हणाला, "अरे, चीनमध्ये ड्रॅगनला मान असतो, तो पाऊस आणतो." खरं आहे. पण मान वेसकरालाबी होता. सणाचा मान होता आणि शिळी भाकर होती. मान देऊन उंबऱ्याबाहेर ठेवता येतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग गोष्ट कशी हवी? मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, जी आपल्याच विहारात सहसा कोणी सांगत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात आहे. एका नागाला आपल्या जन्माची शरम वाटली. तरुणाचं रूप घेऊन तो भिक्खू झाला. एका पहाटे त्याला गाढ झोप लागली आणि त्याचं खरं अंग उघडं पडलं. खोली भरली, वेटोळी खिडक्यांतनं बाहेर आली. सोबतचा भिक्खू किंचाळला. बुद्धानं त्याला सांगितलं की या धम्मविनयात तुझी वाढ व्हायची नाही, जा, उपोसथ पाळ, लवकर माणूस होशील. तो रडत गेला. आजही दीक्षा घेणाऱ्याला विचारतात, तू माणूस आहेस ना?

ही गोष्ट मला सोपी जात नाही. इथं कोणी फणीवर नाचलं नाही, कोणी काळीज काढलं नाही, माणूस व्हायची वाट दाखवली. तरीपण त्याला बाहेर जावं लागलं. मात्र लिहिणाऱ्यानं त्याचं रडणं खोडलं नाही, आणि मला हे मोठं वाटतं. भागवतातला कालियासुद्धा निदान बोलतो, आमचा जन्मच असा, असं देवाला तोंडावर सांगतो. शाऊ-लाओ बोलत नाही, रडत नाही, नुसता मरतो. तळ्यातला तर रुबाबदार आहे, पण मुका. कोट्यवधी डॉलर खर्चून केलेल्या प्राण्याला दोन वाक्यं देता आली नाहीत.

सुपरहिरोचा मुखवटा हौसेचा असतो. घरी गेला की काढता येतो. त्या नागाचा मुखवटा झोपेत गळाला. शहरात खोली बघताना मीसुद्धा एकदा आडनाव बदलून सांगितलं होतं. तीन महिने निभावलं. मग भिंतीवर बाबासाहेबांचं कॅलेंडर लावलं आणि मालकानं दुसऱ्याच दिवशी भाचा येणार असल्याचं सांगितलं.

आता आमच्या खोलीत एक नवा पोरगा आलाय. आडनाव विचारलं की हसतो. झोपेत मोठ्यानं बोलतो, गावाकडच्या बोलीत, आईशी. आम्ही त्याला उठवत नाही.