‘विभाजन’ या संज्ञेची मर्यादा : जिवाणूचे गुणसूत्र आणि मराठी परिभाषा

अकोला व अमरावती या जिल्ह्यांत सोयाबीन अथवा तूर पेरण्यापूर्वी दर किलो बियाण्यास २५ ग्रॅम रायझोबियमचे जिवाणू खत चोळण्याची रीत आता अपरिचित राहिलेली नाही. त्या चिमूटभर खतातील जिवाणू मुळांपाशी कसे वाढतात, हे सांगताना मराठी शास्त्रीय लेखन बहुधा एका वाक्यात मोकळे होते : जिवाणूचे द्विविभाजन होऊन एकाचे दोन होतात. वाक्य खोटे नाही. परंतु त्यातील ‘विभाजन’ या शब्दाने मूळ प्रश्नच झाकला जातो.

विभाजन म्हणजे वाटणी. वऱ्हाडात दोन भावांची वाटणी झाली की वावराचे दोन तुकडे पडतात आणि प्रत्येकाच्या वाट्यास अर्धे येते. पेशीच्या देहाबाबत हा शब्द चालून जाईल. गुणसूत्राबाबत तो मुळीच चालणार नाही. तेथे अर्धे कोणासच मिळत नाही, दोघींनाही अखंड प्रत मिळते. म्हणजे क्रिया दोन आहेत : प्रत तयार होणे आणि प्रती परस्परांपासून दूर जाणे. दुसरीस ‘विलगन’ म्हणावे. (‘विलगीकरण’ हा शब्द २०२० च्या साथीने निराळ्याच अर्थाने घरोघरी नेला आहे.) हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. वाटाण्याच्या मुळांवरील गाठींत रायझोबियमचे गुणसूत्र पुनःपुन्हा प्रतिकृत होते, पण पेशी दुभंगत नाही. ‘विभाजन’ या एकाच शब्दावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्यास ही घटना अपवादात्मक विकृती वाटते. वस्तुतः तेथे एक क्रिया चालू राहते व दुसरी थांबते, इतकेच.

शब्दाच्या या निष्क्रिय छटेला एके काळी शास्त्राचाही आधार होता. १९६३ मध्ये झाकोब, ब्रेनर व क्यूझँ यांनी असे प्रतिपादन केले की गुणसूत्र पेशीपटलास चिकटलेले असते आणि दोन चिकटबिंदूंमधील पटल वाढत गेले की प्रती आपोआप दूर जातात. कल्पना साधी व मोहक होती. परंतु १९९० नंतरच्या दशकात जिवंत पेशीतील गुणसूत्राचे आरंभबिंदू चमकवून पाहता आले, तेव्हा ते पेशीच्या वाढीपेक्षा पुष्कळ वेगाने सरकतात असे आढळले. अनेक जिवाणूंत आरंभबिंदूनजीकच्या ठरावीक जागी पारबी हे प्रथिन बसते आणि पारए हे दुसरे प्रथिन त्यास पेशीच्या टोकाकडे नेण्यास कारण होते. ई. कोलायमध्ये मात्र ही जोडी नाही. तरीही तेथे विलगन बिनचूक होते. एका यंत्रणेवरून सर्व जिवाणूंविषयी विधान करण्याचा मोह येथेच आवरावयास हवा.

‘गुंता’ हा दुसरा लाडका शब्दही तपासून घेण्याजोगा आहे. ई. कोलायचे वर्तुळाकार गुणसूत्र ताणले तर सुमारे दीड मिलिमीटर भरते आणि पेशीची लांबी जेमतेम दोन मायक्रोमीटर असते. तेव्हा गुंता सुचणे स्वाभाविक आहे. पण गुंत्यातून दोन अखंड धागे वेळेवर बाहेर कसे पडावेत? प्रत्यक्षात काही प्रथिने, बहुतेक जिवाणूंत एसएमसी व ई. कोलायमध्ये मुकबी, धाग्याचे वेढे ओढून काढतात. कापसाच्या या मुलुखात सुताची लडी कोणास सांगावी लागत नाही; तीच उपमा सत्याच्या अधिक जवळ जाते. अर्थात लडी कोणीतरी बाहेरून गुंडाळतो, येथे गुंडाळणारा धाग्यावरच बसलेला असतो, एवढे लक्षात ठेवावे. अखेरीस परस्परांत अडकलेल्या दोन कड्या एक एंझाइम सोडविते, आणि मिटत चाललेल्या पडद्याशी एफटीएसके हे प्रथिन मागे राहिलेला धागा त्या त्या बाजूस ओढून घेते.

‘आधी प्रत, मग विलगन, मग दुभंग’ हा क्रमही फार ताठ धरता येत नाही. अनुकूल अन्नात ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, गुणसूत्राच्या प्रतिकरणास मात्र सुमारे ४० मिनिटे लागतात. १९६८ मध्ये कूपर व हेल्मस्टेटर यांनी हा हिशेब जुळविला : एक फेरी संपण्यापूर्वीच दुसरी सुरू होते. नुकत्याच जन्मलेल्या पेशीत तिच्या नातींसाठीच्या प्रतींचे काम आधीच चाललेले असते.