अंतराळ आणि आवाज : सहेज राहल यांच्या खेळ-कलाकृतींचा प्रवास

मराठीत ‘अंतराळ’ या शब्दाला दोन घरे आहेत. एक सर्वांच्या माहितीचे, ग्रहताऱ्यांचे. दुसरे देवळाच्या नकाशातले : सभामंडप आणि गाभारा यांच्या मधली अरुंद जागा. उजेडातून आलेला माणूस तिथे क्षणभर थबकतो, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ देतो आणि मग पुढे सरकतो. हिंगोली जिल्ह्यात राहणाऱ्याला हे दोन्ही अर्थ एकाच तालुक्यात भेटतात. औंढ्याला नागनाथाचे देऊळ आहे आणि त्याच औंढ्याच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे.

मुंबईचे कलावंत सहेज राहल यांच्या २०१९ मधल्या एका कलाकृतीचे नाव ‘अंतराल’ असे आहे. हे नाव प्रथम वाचले तेव्हा मी थबकलो तो या कारणाने. हिंदीत अंतराल म्हणजे मधले अंतर. मराठी कानाला मात्र त्यात देऊळ आणि आकाश दोन्ही ऐकू येतात. ही कलाकृती म्हणजे चित्र नव्हे, शिल्प नव्हे, चित्रपटही नव्हे. व्हिडिओ गेम ज्या साधनांनी बनवतात त्यांनीच ती बनवली आहे. पडद्यावर एक उजाड प्रदेश आणि त्यात भटकणारे विचित्र देहाचे जीव. ते पूर्वी कधीकाळी माणसे असावीत असे वाटायला लावणारे. मी हे सारे चित्रफितींतून पाहिले आहे, दालनात उभे राहून नव्हे. पुढचे विवेचन या मर्यादेत वाचावे.

राहल यांचा जन्म १९८८ चा, मुंबईतला. शिक्षण रचना संसदच्या कला महाविद्यालयात. सुरुवातीच्या कामांत ते स्वतःच वेश धारण करून वावरत. टाकाऊ वस्तूंतून बनवलेली आयुधे, चेहरा झाकणारी आवरणे, आणि ‘स्टार वॉर्स’सारख्या चित्रपटांतून उचललेली योद्ध्याची ऐट. आपल्याकडे याला ओळखीचे नाव आहे : बहुरूपी. फरक इतकाच, की गावात येणारा बहुरूपी कोणाचे सोंग घेऊन आला आहे हे पोरासोरांनाही कळते. राहल यांचे सोंग कोणाचे ते कोणालाच कळत नाही. ज्या पुराणातले ते पात्र आहे ते पुराणच अजून लिहिलेले नाही. २०१३ च्या ‘फोररनर’ या फिल्ममध्येही असाच एक अनोळखी आगंतुक आहे.

दुसरा टप्पा मातीचा. २०१४ च्या कोची-मुझिरिस बिनालेत, ॲस्पिनवॉल हाउसमध्ये, त्यांनी ‘हार्बिंजर’ हे काम मांडले. इथे कलावंत वेशातून बाहेर आला आणि त्याची जागा मातीच्या प्राण्यांनी घेतली. ते पुढच्या युगातले म्हणावेत तर उत्खननात सापडल्यासारखे दिसत. प्राचीन म्हणावेत तर कोणत्याच ज्ञात संस्कृतीत बसत नसत. विज्ञानकथेचा एक जुना डाव असा असतो, की आजचे जग भविष्यातल्या कोणा पुरातत्त्वज्ञाच्या नजरेने पाहायचे. राहल यांनी तो डाव शब्दांविना, मातीत खेळला.

तिसरा टप्पा संगणकाचा. २०१९ मध्ये ‘जगरनॉट’ आणि ‘अंतराल’, २०२१ मध्ये ‘फायनलफॉरेस्ट डॉट एक्सई’. वरवर पाहता हा साधनाचा बदल वाटतो : आधी भंगार, मग माती, मग संगणकाच्या आज्ञा. माझे म्हणणे असे, की या प्रवासाचा खरा धागा साधनांत नाही. प्रत्येक टप्प्यावर कलावंताने आपल्या हातातले काहीतरी सोडले आहे. वेशात असताना प्रत्येक पाऊल त्याचे स्वतःचे होते. मातीत आकार त्याचा राहिला, पण सुकणे आणि तडकणे मातीचे होते. खेळात आल्यावर हालचालसुद्धा त्याच्या हाती उरली नाही.

हे कसे, ते थोडे तपशिलात पाहू. साध्या व्हिडिओ गेममध्ये पात्राच्या सगळ्या अवयवांवर एकच हुकूमत असते. बटण दाबले की पाय, हात, मान सगळे एका उद्देशाने हलतात. राहल यांच्या जीवांचे अवयव वेगवेगळ्या आज्ञावलींवर चालतात. एका पायाला जे करायचे आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे तो जीव चालतो कमी आणि सावरतो जास्त. कळसूत्री बाहुलीची एकेक दोरी वेगळ्या माणसाच्या हाती द्यावी आणि त्या माणसांनी एकमेकांकडे पाहू नये, तसे. शिवाय या जीवांना कान आहेत. भोवतालचा आवाज मायक्रोफोनमधून आत जातो आणि त्यांच्या हालचालीत फरक पडतो. बघे बोलतात, खोकतात, पाय घासतात. आत कोणाचा तरी पाय उचलला जातो. इथे जिंकणे नाही, हरणे नाही, गुण नाहीत. मराठीतला ‘खेळ’ हा शब्द मात्र या कामाला नेमका बसतो, कारण तो शर्यतीलाही चालतो आणि बाहुल्यांच्या प्रयोगालाही.

‘जगरनॉट’ या नावापाशीही थांबायला हवे. पुरीच्या जगन्नाथाच्या रथाची वर्णने युरोपी प्रवाशांनी तिकडे नेली आणि देवाचे नाव इंग्रजीत ‘वाटेत येईल ते चिरडणारी शक्ती’ या अर्थाने रूढ झाले. तोच शब्द राहल यांनी परत आणला आणि एका धडपडणाऱ्या, स्वतःच्याच पायांशी झगडणाऱ्या पशूला दिला. चिरडणारा रथ कुठे आणि हे अडखळणे कुठे! पुराणकथेतून एकच अर्थ, एकच शत्रू काढण्याचा आग्रह वाढलेल्या काळात हा पशू कोणाचेही वाहन व्हायला तयार नाही. त्याच्यावर स्वार होता येत नाही, कारण त्याला एक दिशाच नाही. मला हे या कामांतले सर्वांत मोलाचे वाटते.

त्याचे मोल शेजारच्या उदाहरणाने अधिक कळते. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा ‘इंडस’ हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आला. विरलोक नावाचा ग्रह, तिथली यक्षांची संस्कृती, आणि कॉस्मियम नावाच्या द्रव्यासाठी खेळाडूंची लढाई अशी त्याची मांडणी आहे. यक्ष परग्रहावर पोहोचले याचे मराठी वाचकाला नवल नाही. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह १९७९ मध्येच आला होता. पण नारळीकरांकडे परग्रहवासी हा वाचकापुढे टाकलेला प्रश्न असतो. ‘इंडस’मध्ये यक्ष हे नेपथ्य आहे. नावे आपली, नेमबाजीची रीत मात्र जगभर चालणारी. असे खेळ निघू नयेत असे मी म्हणत नाही; पोरे आवडीने खेळतात आणि इथल्या चित्रकारांना काम मिळते. मात्र जुन्या नावाचा अंगरखा घातला म्हणजे भारतीय विज्ञानकथा झाली, हा समज पसरतो आहे. राहल यांचे काम त्याला उत्तर आहे. त्यांनी नक्षी उचलली नाही, घडण बदलली.

आता उणे. या जीवांना ऐकू येते, पण कळत काहीच नाही. हुंदका आणि टाळी यांतला अर्थाचा फरक त्यांच्या जगात नाही; दोन्ही केवळ आवाज. प्रेक्षकाला प्रथम गंमत वाटते, मग तो मुद्दाम ओरडून पाहतो, आणि थोड्या वेळात त्याच्या लक्षात येते की आपण इथे माणूस नसून मायक्रोफोनपुढचा एक स्रोत आहोत. ही बोच मुद्दाम ठेवलेली असेल तर कामातूनच ती जाणवायला हवी होती. पुष्कळदा ती सोबतच्या निवेदनातून समजून घ्यावी लागते, आणि त्या निवेदनाचे इंग्रजी माझ्यासारख्या स्वतःच्या बळावर शिकलेल्या वाचकाला चार वेळा वाचावे लागते. दुसरे असे, की खेळाचे माध्यम घराघरांत, खिशाखिशांत पोहोचले असताना ही कामे मुख्यतः दालनांत आणि बिनालेंत राहिली. ज्यांच्या आवाजाने हे जीव हलायला हवेत ते लोक त्या दालनाच्या पायऱ्या चढत नाहीत.

हा आक्षेप माझ्या मनात का उमटला, ते औंढ्यात शोधावे लागेल. येथून जवळच नरसी हे नामदेवांचे गाव. कथा अशी सांगतात, की नागनाथाच्या दारात नामदेवांचे कीर्तन चालले असता त्यांना तिथून उठवून देवळामागे जायला लावले. ते मागे जाऊन गात राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. देवळामागे राहिलेला नंदी आजही या कथेची खूण म्हणून दाखवतात. आवाजाने हलणाऱ्या दगडाची ही कथा राहल यांच्या पशूंच्या किती जवळची आहे! तरी भेद आहेच. देऊळ कोणत्याही आवाजाने फिरले नाही. ज्याला मागे लोटले होते, त्याच्या आवाजाकडे ते फिरले.

दुसरे टोक लायगोचे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी सूक्ष्म पडणारा फरक टिपायचा. अशा यंत्राला भोवतालची धडधड हा शत्रू. ट्रक गेला, जमीन थरथरली, की ते सारे वगळून दूरच्या कृष्णविवरांची खूण शोधायची. राहल यांच्या जीवांचे उलटे आहे; जी धडधड लायगो गाळून टाकते तीच त्यांचे अन्न आहे.

एक यंत्र अर्थासाठी गोंगाट गाळते, दुसरे अर्थ सोडून गोंगाटावर जगते. देवळाच्या कथेत तिसरी शक्यता आहे : ऐकणे, ओळखणे आणि वळणे. वेश, माती, संगणक अशी वाट चालताना राहल यांनी दर वेळी हातातले काही सोडले म्हणून त्यांचे काम पुढे गेले. आता त्यांचे जीव सगळ्यांनाच ऐकतात. पुढच्या कामात ते कोणाकडे तरी वळावेत, आणि ते वळणे पाहायला औंढ्याच्या यात्रेतल्या माणसालाही दालनाचा पत्ता विचारावा लागू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.