घड्याळ खरं, पण शर्यत कुठली?

गोपाल सैनी मोठे की अविनाश साबळे मोठा? आमच्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न विचारलात तर समोरचा आधी विचारेल, "कोण सैनी?" त्यात त्याची चूक नाही. मलाही २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत हे नाव माहीत नव्हतं. त्या महिन्यात भुवनेश्वरला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाशने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं २९.८० सेकंदांत पूर्ण केली आणि सदतीस वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. तो विक्रम सैनींचा होता. १९८१, टोकियो, ८:३०.८८.

(सैनींना मी 'ते' म्हणतोय आणि अविनाशला 'तो'. सैनी आधीच्या पिढीचे, म्हणून वयाचा मान. अविनाशला 'अहो' म्हटलं तर आमच्याकडे तो परका वाटेल.)

पुढच्या सहा वर्षांत अविनाशने हा विक्रम आणखी नऊ वेळा मोडला, प्रत्येक वेळी स्वतःचाच. शेवटचा आकडा ७ जुलै २०२४ चा, पॅरिसच्या डायमंड लीगमधला: ८:०९.९१. सैनींपेक्षा जवळजवळ एकवीस सेकंद कमी. दोघांना कल्पनेत एकाच ट्रॅकवर उभं केलं, तर अविनाश शेवटची रेषा ओलांडेल तेव्हा सैनी सव्वाशे मीटर मागे असतील. मग विषय संपला? बहुतेक रील्स इथेच संपतात. मला मात्र इथूनच अडचण वाटायला लागते.

पहिली गोष्ट म्हणजे त्या त्या काळात जग कुठे होतं. १९८१ मध्ये केनियाच्या हेन्री रोनोचा १९७८ चा ८:०५.४ हा विश्वविक्रम होता. सैनी त्याच्यापासून साधारण साडेपंचवीस सेकंद दूर होते. आजचा विश्वविक्रम इथिओपियाच्या लमेचा गिर्माचा, ७:५२.११, जून २०२३ चा. अविनाश त्यापासून सतरा-अठरा सेकंद दूर आहे. म्हणजे खरी झेप एकवीस सेकंदांची नाही, सात-आठ सेकंदांची आहे. उरलेले तेरा सेकंद सगळ्या जगानेच मिळवले. चांगले ट्रॅक, नव्या फोमचे स्पाइक्स, ठरलेल्या वेगाने पुढे धावणारे पेसमेकर, ट्रॅकच्या कडेने पळणारे दिवे, सगळं त्यात आलं. तरीही सात-आठ सेकंद ही चेष्टा नव्हे. या शर्यतीत माणसं एकेका सेकंदासाठी वर्षं घालवतात.

दुसरी अडचण या शर्यतीच्या स्वभावातच आहे. साडेसात फेऱ्या, अठ्ठावीस अडथळे, सात वेळा पाण्याची उडी. अडथळा हर्डल्ससारखा धक्का लागून पडत नाही, तो जड लाकडाचा असतो. आपटलात तर तुम्हीच पडता. पाण्याचा खड्डा कुठे ट्रॅकच्या आत असतो, कुठे बाहेर, त्यामुळे फेरीची लांबी मैदानागणिक बदलते आणि सुरुवातीची रेषा सरकवून तीन हजार मीटरचा हिशेब जुळवावा लागतो. अडथळ्यांचे नियम पक्के नसल्यामुळे १९५४ पर्यंत या शर्यतीत अधिकृत विश्वविक्रमच नव्हता. आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तर मोजणाऱ्याच्या चुकीमुळे सगळ्यांना एक फेरी जास्त पळावी लागली. त्या जादा फेरीत अमेरिकेच्या जो मॅकक्लस्कीचं रौप्य गेलं, तो तिसरा आला. आता त्याची तुलना कोणाशी करणार?

पण माझं खरं म्हणणं तिसऱ्या अडचणीबद्दल आहे: आपण वेळ बघतो, शर्यत बघत नाही.

२०२२ चं उदाहरण घ्या. जुलैमध्ये अमेरिकेत यूजीनला जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. अविनाश अकरावा आला, वेळ ८:३१.७५. आकडा पुन्हा वाचा. हा सैनींच्या १९८१ च्या वेळेपेक्षा जास्त आहे. नुसत्या घड्याळावर जायचं तर त्या दिवशी सैनी जिंकले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, तोच अविनाश ८:११.२० धावला. तीन आठवड्यांत कोणी वीस सेकंदांनी सुधारत नाही. यूजीनमध्ये पेसमेकर नव्हता, पुढे जायला कोणी तयार नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत हळू पळाले आणि शेवटच्या फेरीत एकदम सुटले. जिंकणाऱ्या मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीची वेळही ८:२५.१३ च होती. ती पळण्याची परीक्षा कमी आणि थांबून सुटण्याची जास्त होती, आणि त्या परीक्षेत आपला माणूस कच्चा निघाला.

बर्मिंगहॅमला प्राथमिक फेरी नव्हती, थेट अंतिम. केनियाचा अब्राहम किबिवॉट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. पाच शतांश सेकंद. १९९८ पासून राष्ट्रकुलमधली या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच घरी नेत होता. त्या रांगेत घुसलेला पहिला माणूस मांडव्याचा. माझ्या हिशेबात अविनाशची सर्वांत मोठी शर्यत ही आहे, ८:०९.९१ ची नाही. पॅरिसला तो सहावा आला होता. ती शर्यत वेळ काढण्यासाठीच मांडलेली होती, पुढे वेग धरून देणारे होते. बर्मिंगहॅमला शेवटच्या अडथळ्यानंतर समोर फक्त एका केनियनची पाठ होती.

आता टोकियो, जे आमच्याकडे अजून कोणी विसरलेलं नाही. ऑलिम्पिकची प्राथमिक फेरी, ३० जुलै २०२१. तेव्हाचा नियम असा: तीन हीट, प्रत्येकीतले पहिले तीन थेट अंतिम फेरीत आणि उरलेल्यांतले सहा सर्वांत वेगवान. अविनाशची हीट भयंकर वेगवान निघाली. तो ८:१८.१२ धावला, राष्ट्रीय विक्रम केला, सातवा आला आणि बाहेर पडला. तिसरी हीट एल बक्कालीने ८:१९.०० मध्ये जिंकली. म्हणजे प्राथमिक फेरीत अविनाशपेक्षा हळू धावलेला माणूस पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. "अन्याय झाला" असे मेसेज त्या रात्री माझ्या फोनवर आले, मीही पुढे पाठवले.

आज मी ते पाठवणार नाही. एल बक्कालीला ८:१९ पेक्षा वेगात धावायची गरजच नव्हती. त्याला पहिल्या तिघांत यायचं होतं, तो आला. शिवाय याच नियमाने आपल्याला दिलंही आहे, हे आपण सोयीने विसरतो. २०१६ ला रिओमध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर तिच्या हीटमध्ये चौथी आली होती. थेट प्रवेश हुकला, पण ९:१९.७६ या वेळेच्या जोरावर ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. वेळेचा दरवाजा नसता तर ललिताताईंची अंतिम फेरी नसती. आणि २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत अविनाशला हीटमध्ये दोनदा अडथळा झाला, भारताने तक्रार केली आणि त्याला जादा धावपटू म्हणून अंतिम फेरीत घेतलं. तिथे तो तेरावा आला, पण ८:२१.३७ धावून ऑलिम्पिकची पात्रता मिळवली. नियम कधी देतात, कधी घेतात.

नंतर वेळेचा तो दरवाजा बंदच झाला. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत प्रत्येक हीटमधले पहिले पाच आत, बाकी बाहेर. अविनाश सातवा आला, ८:२२.२४. या वेळी दोष द्यायला नियम नव्हता. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो ८:१५.४३ मध्ये नेमका पाचवा आला आणि या शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोहोचणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. फेरीचं स्वरूप बदललं तसा त्याला धावण्याचा प्रकार बदलावा लागला. टोकियोत वेळेशी पळायचं होतं, पॅरिसमध्ये शेजारच्याशी.

तो इथे का अडखळतो, याचं उत्तर मला परदेशात नाही, देशात दिसतं. भारतात त्याच्या बरोबरीने धावणारं कोणी नव्हतं. पतियाळा असो, तिरुवनंतपुरम असो, बंदूक वाजली की तो पुढे, आणि मग साडेसात फेऱ्या एकटा. इतकी वर्षं एकट्याने पळणाऱ्याला घोळक्यातलं कोपर, शेवटच्या तीनशे मीटरमधली चाल, कधी दबून राहायचं आणि कधी सुटायचं हे कुठून येणार? २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने हीच सवय हत्यार म्हणून वापरली. सुरुवातीपासून पुढे निघाला आणि ८:१९.५० मध्ये बाकीच्यांना बरंच मागे टाकून सुवर्ण घेतलं. आशियात ते चालतं. एल बक्कालीसमोर चालत नाही.

आणि हे एकटेपण सैनींच्याही वाट्याला होतं. सदतीस वर्षं टिकलेला विक्रम म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो. त्यातल्या किती टाळ्या सैनींच्या आणि किती आपल्या व्यवस्थेच्या नाकर्तेपणाच्या, हे कोणी विचारत नाही. पोहायला लागणाऱ्या तलावासारखं यात काही महागडं नाही. एक ट्रॅक, काही लाकडी अडथळे, एक खड्डा. तरीही एका पिढीनंतर दुसरी पिढी आली आणि ८:३०.८८ जागच्या जागी राहिला. रोनोची गोष्ट वेगळी. त्याच्या देशाने १९७६ आणि १९८० दोन्ही ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला, त्यामुळे त्या काळचा सर्वांत वेगवान स्टीपलचेसपटू ऑलिम्पिकमध्ये धावलाच नाही. पदकांच्या यादीवरून पिढ्यांची तुलना करणाऱ्यांनी हे नाव समोर ठेवावं.

जाता जाता मराठी बातम्यांबद्दल. दुष्काळी तालुक्यातला पोरगा पाण्यावरून उडी मारतो, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाचा मुलगा, सहा किलोमीटर शाळेत पळत जायचा. सगळं खरं आहे. पण आष्टी-पाटोद्यात अशी पोरं गावोगाव होती, त्यांतली बरीचशी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. शाळेची वाट एवढ्यानेच स्टीपलचेसपटू घडत असता तर बीड जिल्ह्याने केनियाला घाम फोडला असता. अविनाश महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, मग लष्कराच्या क्रॉस-कंट्री संघात आला आणि तिथे अमरीशकुमार या प्रशिक्षकांनी त्याला अडथळ्यांकडे वळवलं. तेव्हा तो विशीत होता. केनियात त्या वयाची मुलं जागतिक ज्युनियर पदकं घेऊन मोकळी झालेली असतात. गरिबीची गोष्ट सांगताना हा उशीर सांगायचा राहतो. सैनींशी तुलना करताना मी तो मोजतो, आणि मग सात-आठ सेकंद मला जास्त मोठे दिसतात.

तर माझं मत? अविनाश मोठा. एकवीस सेकंदांमुळे नाही, बर्मिंगहॅमच्या त्या पाच शतांशांमुळे. तुमचं वेगळं असेल तर हरकत नाही, पण मांडताना कुठली शर्यत, कुठला नियम, एवढं सांगा.

२०२५ च्या मे महिन्यात कोरियात गुमीला त्याने आशियाई विजेतेपद घेतलं, ८:२०.९२. ११ जुलैला मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये तो पाण्याच्या उडीवर पडला आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. सप्टेंबरमध्ये जागतिक स्पर्धा टोकियोत झाली, त्याच स्टेडियममध्ये जिथे तो ८:१८.१२ धावून बाहेर पडला होता. स्टीपलचेसच्या हीट सुरू झाल्या तेव्हा मी सवयीने यादी उघडली. नाव नव्हतं, हे माहीत असूनही खालपर्यंत गेलो.